गारफिल्ड हायस्कूल : एकट्याचा चमत्कार की मुख्याध्यापकांचीही कमाई?

पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलची कहाणी 'स्टँड अँड डिलिव्हर' (१९८८) या चित्रपटाने जगभर नेली आणि तिच्यासोबत एक समजही रूढ झाला. साधे अंकगणित न येणाऱ्या गरीब मेक्सिकन-अमेरिकन मुलांना हायमे एस्कालांते या शिक्षकाने एकट्याने, एका वर्षात कॅल्क्युलसपर्यंत नेले आणि शाळेचे प्रशासन मात्र त्यांच्या आडच येत राहिले, असा तो समज. एस्कालांते यांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु या मांडणीत हेन्री ग्रॅडिलास या मुख्याध्यापकांचे काम पुसले जाते, म्हणून ती तपासणे भाग आहे.

'एका वर्षात' हा भाग तर सरळच चुकीचा आहे. एस्कालांते १९७४ मध्ये गारफिल्डला आले. कॅल्क्युलसचा त्यांचा पहिला वर्ग १९७८ च्या शरद ऋतूत पाच विद्यार्थ्यांवर सुरू झाला आणि त्यांतले दोघेच अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे महाविद्यालयीन पातळीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. १९८१ मध्ये पंधरापैकी चौदा, तर १९८२ मध्ये अठरा जण उत्तीर्ण झाले. त्यांच्यापैकी चौदा जणांवर परीक्षा मंडळाने कॉपीचा संशय घेतला, बारा जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि ते सर्व पुन्हा उत्तीर्ण झाले. बीजगणित, भूमिती आणि त्रिकोणमिती पक्की झाल्याशिवाय कॅल्क्युलस येत नाही, हे अकरावी-बारावीला गणित घेतलेल्या कोणालाही सांगावे लागू नये.

प्रशासन आड येत होते, हे मात्र अर्धे खरे आहे. शाळेत फार लवकर येणे, फार उशिरा जाणे आणि परवानगीवाचून निधी जमवणे अशा कारणांवरून एस्कालांते यांना सुरुवातीला नोकरीवरून काढण्याची धमकी मिळाली होती. ग्रॅडिलास १९८१ मध्ये मुख्याध्यापक झाल्यावर हे थांबले. पण त्यांचे श्रेय एका शिक्षकाला मोकळीक देण्यापुरते नाही. 'ही मुले इतपतच शिकणार' या गृहीतकावर उभ्या असलेल्या प्राथमिक गणिताच्या तासिका त्यांनी कमी केल्या, आणि ज्यांना त्या घ्याव्याच लागत त्यांना जोडीने बीजगणितही घ्यायला लावले. सरासरी 'सी' श्रेणी न राखणाऱ्यांना खेळ आणि इतर उपक्रमांतून वगळण्याचा त्यांचा नियम कठोर होता, आणि अशा नियमाने ज्याचा शाळेशी धागा फक्त खेळाचाच आहे असा एखादा मुलगा दुरावूही शकतो. तरीही शाळा कशासाठी आहे, हे त्यातून साऱ्यांना कळत होते.

'एकट्याने' हा शब्दही टिकत नाही. बेन हिमेनेझ हे सहकारी त्याच शाळेत कॅल्क्युलस शिकवत होते, आणि खालच्या वर्गांतून तयार होऊन येणाऱ्या मुलांची रांग लागल्याखेरीज १९८७ चा उच्चांक शक्यच नव्हता : त्या वर्षी कॅल्क्युलसच्या नेहमीच्या परीक्षेत ७३ आणि वरच्या पातळीच्या परीक्षेत आणखी १२ जण उत्तीर्ण झाले.

एस्कालांते १९९१ मध्ये शाळा सोडून गेले आणि १९९६ मध्ये या दोन्ही परीक्षांत मिळून अकराच विद्यार्थी उत्तीर्ण झाले, यावरून सारे एका माणसावरच उभे होते असा निष्कर्ष काढला जातो. पण एस्कालांते आणखी चार वर्षे शाळेत असूनही १९८७ चा आकडा पुन्हा गाठला गेला नाही, आणि १९८७ हेच ग्रॅडिलास यांचे गारफिल्डमधले शेवटचे वर्ष होते. डॉक्टरेट पुरी करण्यासाठी घेतलेल्या रजेवरून ते परतले, तेव्हा त्यांना शाळा मिळाली नाही; शालेय इमारतींतले अॅस्बेस्टॉस काढण्याच्या कामावर देखरेख करण्याची जबाबदारी मिळाली.