मोठा पंप बसवायला नकार का दिला: तुमच्या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. लो रेंजमध्ये (फोर-व्हील ड्राइव्हच्या सावकाश, जास्त जोराच्या गिअरमध्ये) चढ चढताना थोड्या वेळाने गाडी गचके देते आणि बंद पडते, फ्यूल पंपाला हात लावला तर चटका बसतो. तुम्ही जास्त क्षमतेचा पंप मागितलात, आम्ही तो बसवला नाही आणि लाइन, वायरिंग, एक्झॉस्टची उष्णता अडवणारं शील्ड अशी कामं सांगितली. 'पाच मिनिटांचं काम वाढवून सांगतात' असं तुम्ही लिहिलंय. भर चढावर इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा जोरही जातो, त्यामुळे तुमचा वैताग मी हलक्यात घेत नाही. पण त्या नकारावर मी ठाम आहे आणि कारण इथेच लिहितो, म्हणजे असाच त्रास असलेल्या इतरांनाही उपयोग होईल.

इलेक्ट्रिक पंपाची मोटर पेट्रोलमध्येच फिरते आणि आतून वाहणारं पेट्रोलच तिला थंड ठेवतं. पंप तापतोय म्हणजे बहुतेक वेळा एकतर त्याला मिळणारं पेट्रोलच गरम आहे, नाहीतर ते पुरेसं पोचत नाहीये. तुमच्या गाडीत दोन्ही आहे.

आधी पोचण्याचं सांगतो. टाकी बदलली तेव्हा पंप बाहेर, चेसिसवर बसवला गेला. तो टाकीच्या तळापेक्षा उंच आहे आणि एक्झॉस्ट पाइप त्याच्या अगदी शेजारून जातो. हे पंप ढकलायला दमदार असतात, ओढायला कमजोर. पेट्रोलमधले सगळ्यात हलके घटक 35-40 अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. पंपाच्या पुढे तीन-साडेतीन बार दाब असल्यामुळे तिथे वाफ सहसा धरत नाही. मागे, ओढणाऱ्या बाजूला मात्र दाब वातावरणापेक्षाही कमी असतो, आणि बुडबुडे तिथेच होतात. पंप वाफ गिळतो, रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब पडतो, मोटर कोरडी पडत जाते आणि आणखी तापते. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने हे आणखी लवकर होतं.

पंपाला ओलं फडकं गुंडाळल्यावर गाडी पुन्हा चालू झाली, हे तुम्हीच लिहिलंय. खरं तर मरायला टेकलेला पंपही थंड झाल्यावर फिरतो, म्हणून तेवढ्यावर आम्ही निष्कर्ष काढला नाही. प्रेशर गेज आणि करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून गाडी गरम होईपर्यंत चालू ठेवली. पंप जाम होत असता तर त्याने करंट जास्त ओढला असता. इथे उलट झालं: गेजचा काटा थरथरायला लागला, त्याच वेळी करंट खाली आला आणि पंपाचा आवाज बारीक, किणकिणता झाला. हे वाफ ओढल्याचं लक्षण आहे. थंड असताना त्याच पंपाने पूर्ण दाब दिला. पंप चांगला आहे.

आता मोठ्या पंपाचं. ताशी 255 लिटरचा पंप धरा. दगडांतून रांगणारं इंजिन त्यातलं जेमतेम पाच-सहा लिटर जाळतं. बाकीचं सगळं इंजिनजवळच्या गरम रेलमधून फिरून रिटर्न लाइनने टाकीत परत येतं. टाकीत 15 लिटर उरलं असेल तर तेच पेट्रोल तासाभरात सोळा-सतरा वेळा इंजिनची उष्णता घेऊन येणार. रांगताना गाडीखालून वारा नसतो, म्हणजे टाकीलाही ती उष्णता टाकायला जागा नाही. पंप मोठा केला की हे फिरणं वाढतं, मोटर करंट जास्त ओढते आणि तिची स्वतःची उष्णताही त्याच पेट्रोलमध्ये जाते. तुमच्या इंजिनाची फुल थ्रॉटलची गरज आताचा पंप सहज भागवतो. मोठा बसवून दिला असता तर तुम्ही त्या दिवशी खूश होऊन गेला असता आणि पुढच्याच चढावर पुन्हा अडकला असता.

वायरिंगचंही तसंच. बॅटरीवर 13.8 व्होल्ट असताना पंपाच्या कनेक्टरवर 11.9 मिळत होते. पंपाची अर्थ वायर चेसिसच्या रंगावरच बोल्टने आवळलेली आहे. व्होल्टेज कमी पडलं की पंप सावकाश फिरतो, पण दाबाचं ओझं तेवढंच असल्याने करंट फारसा कमी होत नाही. म्हणजे तापायचं तेवढंच, थंड करणारं पेट्रोल मात्र कमी. रिलेमधून जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि धातू उघडा करून घेतलेला अर्थ, एवढं काम आहे.

सगळं एकदम करायला हवं असं नाही. पंप टाकीच्या तळाखाली, एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला हलवणं आणि वायरिंग सुधारणं, ही दोन कामं टाळू नका. पंप टाकीच्या आत घेता आला तर माझ्या मते सगळ्यात उत्तम. त्यानंतर प्रेशर रेग्युलेटर (दाब ठरावीक ठेवून जादाचं पेट्रोल परत सोडणारा भाग) टाकीजवळ आणून रेलकडे एकच लाइन न्यायची, म्हणजे जादाचं पेट्रोल इंजिनपर्यंत जाऊन तापतच नाही. हे पुढच्या खेपेला केलं तरी चालेल. शील्ड एक्झॉस्टच्या बाजूने, मध्ये हवेची फट ठेवून लावायचं. पंपालाच उष्णतारोधक पट्टी गुंडाळा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, पंपाची स्वतःची उष्णता आत कोंडते.

टाकीचा ब्रेदर (टाकीत हवा येण्याजाण्याची वाट) चिखलाने बंद होता, तो आम्ही त्याच दिवशी साफ केलाय. बंद ब्रेदरमुळे टाकीत निर्वात होतो आणि ओढणं आणखी जड जातं.

काम आमच्याकडेच करा असा आग्रह नाही. घेतलेली सगळी रीडिंग लिहून ठेवली आहेत, कागद घेऊन जा आणि दुसरीकडे दाखवा. मात्र काम होईपर्यंत टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नका, आणि गाडी गचके द्यायला लागली की रेटू नका. सपाट जागा बघून थांबा, बॉनेट उघडा आणि पंप थंड होऊ द्या. फडकं ओलं करायचं तर पाण्यानेच, आणि गरम एक्झॉस्टजवळ पेट्रोलचा कोणताही जोड सोडू नका.