वास्कोची कबर बघितली, मिरं राहिलं

सांगलीत परतून चार दिवस झाले. भेटेल तो एकच विचारतोय, "बोटीवर जेवण कसं होतं?" जेवण झकास होतं. बोटीबद्दल तक्रारच नाही. तक्रार आहे ती कोचीत उतरून केलेल्या साडेतीन तासांच्या सहलीबद्दल. शोअर एक्स्कर्जन म्हणतात तिला. पैसे वेगळे, छातीवर बस नंबरचा स्टिकर, पुढं गाईडची छत्री.

मुंबईहून आलेली बोट विलिंग्डन बेटाला लागली. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून केलेलं हे बेट. गाईडनं ते चांगलं समजावलं. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये तर गडी रंगलाच. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये बांधलेलं, वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोचीतच वारला, इथंच पुरला, आणि १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. म्हणजे आम्ही चाळीस माणसं पंधरा मिनिटं रिकाम्या कबरीभोवती उभी!

आण्णा, माझे वडील, माझ्या कानाशी आले. "ह्यो आलता कशापायी?"

"मिऱ्यासाठी."

"मग मिरं कुठाय?"

आण्णांनी मार्केट यार्डात चाळीस वर्षं हळदीची अडत केलीय. त्यांचा प्रश्न बरोबरच होता. पोर्तुगीज गेले, १६६३ मध्ये डच आले, १७९५ मध्ये इंग्रज. सगळे मसाल्याच्या वासानं आले, आणि आम्हाला दाखवलं काय, तर त्यांची चर्चं. चिनी जाळ्यांपुढं फोटो झाले (जाळी खरंच बघण्यासारखी, दगडांच्या वजनावर वरखाली होणारी). मग मट्टनचेरी. सहलीच्या छापील कागदावर १५६८ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ठळक अक्षरात. पण वार शनिवार. शनिवारी सिनेगॉग बंद असतं हे पैसे घेताना कुणाला ठाऊक नव्हतं? वाचलेला वेळ एका शोरूममध्ये घातला. पन्नास मिनिटं. गालिचे आणि लाकडी हत्ती. गाईड काउंटरवर चहा पीत बसलेला. कमिशनचा हिशोब अडत्याच्या पोराला कशाला सांगायला पाहिजे?

तेवढ्यात आण्णा गायब. शोधत गेलो तर मागच्या गल्लीत एका गोदामाच्या अंगणात, वाळत घातलेल्या सुंठीच्या कडेला उकिडवे बसलेले. शेजारी तिथला म्हातारा मुनीम. दोघांचंही हिंदी दिव्य, पण सौद्याची भाषा एकच. मुनीम सांगत होता, १९५७ पासून इथं मिऱ्याचे वायदे (पुढच्या तारखेच्या मालाचे सौदे) चालायचे, काय ओरडाआरडा असायचा! आण्णा म्हणाले, आमच्याकडं हळदीचे चालायचे. मग त्यांनी हरिपूरची पेवं सांगितली. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वरून बंद. हवा नाही म्हणून कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. उघडल्यावर मात्र लगेच उतरायचं नाही, माणूस गुदमरतो. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं, तेही सांगितलं. हळद जमिनीत पुरतात हे मुनीमाला काही केल्या पटेना. त्यानं आपल्याकडची आलेप्पी हळद पुढं केली. आण्णांनी कांडी मोडली, आतला रंग बघितला, गप्प झाले. बाहेर पडताना म्हणाले, "रंगाला आपल्या राजापुरीपेक्षा भारी हाय. सांगलीत बोलू नगंस."

वीस मिनिटं. अख्ख्या सहलीत कोची दिसलं ते एवढंच. बसमध्ये लोक आमच्यावर चिडले होते, ते रास्तच. पण उशीर शोरूममुळं झाला तेव्हा कुणी घड्याळ बघितलं नव्हतं.

हळदवाल्याचं डोकं हळदीतच, असं म्हणाल. म्हणा. पण आपण तरी काय करतो? पाहुणे आले की गणपती मंदिर, संध्याकाळी हरिपूरला संगमेश्वर, कृष्णा-वारणेचा संगम, येताना भडंगाची पुडी. पेवं त्याच हरिपुरात. मी स्वतः एकाही पाहुण्याला नेलेलं नाही.

आण्णांनी आता कामाला लावलंय, मुनीमाला किलोभर राजापुरी आणि पेवाचा फोटो धाडायचा. पत्ता त्यानं त्या छापील कागदावरच लिहून दिलाय, सिनेगॉगच्या ओळीखाली. फोटोसाठी रविवारी हरिपूरला चाललोय. कुणाचं पेव उघडणार असेल तर कळवा.