क्राइस्टचर्चचे रिकामे भूखंड आणि उधळपट्टीचा आरोप

शहरातील रिकाम्या भूखंडांवर तात्पुरते सार्वजनिक कलाप्रकल्प उभारणे ही निव्वळ उधळपट्टी आहे, असा दावा समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. शब्द बदलतात, पण मुद्दे साधारण चारच असतात. ज्या पैशांतून घरे झाली असती ते रंगरंगोटीत जातात. काही महिन्यांत मोडल्या जाणाऱ्या कामातून मागे काहीच उरत नाही. ही मूठभर कलावंतांची हौस असून वस्तीचा सहभाग नावापुरता असतो. आणि खरा फायदा जमीनमालकाचा होतो. हा दावा तपासायचा तर न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च या शहराकडे पाहावे, कारण तेथे असे प्रकल्प एखाद्या कोपऱ्यावर नव्हे, तर सगळ्या मध्यवर्ती भागात अनेक वर्षे होत राहिले.

या शहराला ४ सप्टेंबर २०१० रोजी मोठा भूकंप झाला आणि २२ फेब्रुवारी २०११ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपात १८५ माणसे मृत्युमुखी पडली. मध्यवर्ती भागातील हजाराहून अधिक इमारती त्यानंतर पाडाव्या लागल्या, आणि त्या भागाभोवतीचा प्रवेशबंदीचा वेढा पूर्णपणे निघायला जून २०१३ उजाडला.

आता पैशांचा मुद्दा. क्राइस्टचर्चमधील घरे कलेवर पैसे गेल्यामुळे रखडली नाहीत. हजारो उत्तरधक्के बसत राहिल्याने विमा कंपन्या नव्या बांधकामाला विमा द्यायला तयार नव्हत्या, जुने दावे वर्षानुवर्षे लोंबकळत पडले होते, आणि पूर्वेकडील वस्त्यांमध्ये जमिनीखालची पाण्याने भरलेली वाळू चिखलासारखी वर आल्याने सरकारला सुमारे ८,००० घरे विकत घेऊन त्या वस्त्याच रिकाम्या कराव्या लागल्या. या अडचणींपैकी एकही कलाप्रकल्प बंद केल्याने सुटली नसती, आणि प्रकल्प नसते तरी ते भूखंड तितकाच काळ ओसाड राहिले असते. शिवाय हे प्रकल्प उभे कशातून राहिले, तेही पाहायला हवे. भूकंपानंतर पाडलेल्या एका हॉटेलच्या जागी ‘गॅप फिलर’ या, रिकाम्या भूखंडांवर असे प्रकल्प करणाऱ्या गटाने डिसेंबर २०१२ मध्ये ‘पॅलेट पॅव्हिलियन’ उभारला. मालवाहतुकीचे तीन हजारांहून अधिक निळे लाकडी पॅलेट एकावर एक रचून स्वयंसेवकांनी केलेले ते खुले सभागृह होते. एका उन्हाळ्यापुरते ठरलेले हे सभागृह आणखी वर्षभर चालवण्यासाठी २०१३ मध्ये लोकवर्गणी मागितली गेली, तेव्हा ८०,००० न्यूझीलंड डॉलरहून अधिक रक्कम जमली. घरांसाठी राखलेला निधी यात वळवलेला नव्हता. ज्यांना ती जागा हवी होती त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले होते.

मागे काहीच उरत नाही, हा आक्षेप मला सर्वांत चुकीचा वाटतो. २०१४ मध्ये पॅव्हिलियन उतरवला गेला हे खरे. पण त्याची रचनाच अशी होती की पॅलेट पुन्हा मालवाहतुकीत जावेत. लग्नाचा मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो म्हणून तो उभारणे व्यर्थ होते असे आपण म्हणत नाही. तो कशासाठी घातला होता आणि ते काम त्याने केले का, एवढेच पाहतो. क्राइस्टचर्चमध्ये माणसांना एकत्र जमायला जागाच उरली नव्हती. सभागृहे, नृत्यशाळा, चित्रपटगृहे पडली होती किंवा वेढ्याच्या आत अडकली होती. म्हणून २०१२ मध्ये एका मोकळ्या भूखंडावर लाकडी नृत्यमंच आणि त्याला जोडलेले, नाण्यावर चालणारे एक जुने कपडे धुण्याचे यंत्र आले. दोन डॉलरचे नाणे टाकले की ध्वनिवर्धक आणि दिवे अर्धा तास सुरू राहत आणि कोणीही आपल्या आवडीचे संगीत लावून नाचू शकत असे. भूखंड मालकाला परत देण्याची वेळ आली की तोच मंच दुसऱ्या भूखंडावर हलवला जाई.

आणि ज्या कामामुळे हा आक्षेप पूर्णपणे कोसळतो, ते तर याहून साधे आहे. पीटर माजेंडी या कलावंताने भूकंपाच्या पहिल्या स्मृतिदिनी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, एका पडलेल्या चर्चच्या जागेवर पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या १८५ खुर्च्या मांडल्या. एकही खुर्ची दुसरीसारखी नव्हती. त्यांत आरामखुर्ची होती, चाकाची खुर्ची होती आणि तान्ह्या बाळाची बैठकही होती. ही मांडणी थोड्या काळापुरती होती, पण लोकांनी ती जाऊ दिली नाही. शहराचे अधिकृत स्मारक २२ फेब्रुवारी २०१७ रोजी खुले झाले. मधली पाच वर्षे आपल्या माणसासाठी फूल ठेवायला लोक त्या खुर्च्यांपाशीच जात होते. समित्या, आराखडे आणि मंजुऱ्या यांना जो वेळ लागतो तेवढा दुःखाला थांबता येत नाही; अशा वेळी तात्पुरत्या कामाची किंमत त्याच्या आयुष्यावरून ठरवणे अन्यायाचे आहे.

वस्तीच्या सहभागाबाबत फार लिहिण्याची गरज नाही. एका कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत पुस्तकांच्या देवाणघेवाणीसाठी बिघडलेला फ्रिज कपाट म्हणून ठेवला गेला. त्यात पुस्तके ठेवणारे आणि त्यातून नेणारे आसपासचेच लोक होते. प्रेक्षकांनी पायडल मारून वीज निर्माण करायची आणि तिच्यावर चित्रपट पाहायचा, असा खेळही या शहरात झाला. तिथे प्रेक्षक थांबला की पडदा काळा होतो. यापेक्षा अधिक सहभाग कोणता मागायचा?

जमीनमालकाच्या फायद्याचा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. कलेने परिसर नावारूपाला आणायचा, भाव वाढले की कलावंतांना आणि जुन्या रहिवाशांना बाहेर काढायचे, हे अनेक शहरांत घडले आहे. परंतु तो दोष कराराचा आणि जमिनीच्या धोरणाचा आहे, आणि त्यावर उपायही तिथेच करावा लागतो. क्राइस्टचर्चमध्ये २०१२ मध्ये ‘लाइफ इन व्हेकंट स्पेसेस’ हा न्यास मालक आणि लोकगट यांच्यामध्ये उभा राहिला. जागा किती काळासाठी मिळणार, विम्याची जबाबदारी कोणाची आणि सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची, या गोष्टी तो आरंभीच लेखी ठरवून देई, त्यामुळे मालकाच्या मर्जीवर कोणी एकटे राहत नसे. पुढे तेथील महापालिकेने मध्यवर्ती भागातील पडीक भूखंडांवर वाढीव कर लावला आणि जागा नीट राखणाऱ्या किंवा वापरात आणणाऱ्या मालकांना त्यात सवलत ठेवली. म्हणजे मालकाला लाभ मिळतो, पण भूखंड कुंपण घालून भाववाढीची वाट पाहत ठेवण्याबद्दल नव्हे, तर तो लोकांच्या उपयोगी आणल्याबद्दल. ज्यांना जमीनमालकाच्या नफ्याची खरोखर चिंता आहे, त्यांनी आपल्या शहरात अशा कराची आणि अशा लेखी कराराची मागणी करावी.