चार्टर ओकने खरंच सरकार वाचवलं का?

व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्ट थोडक्यात अशी: अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याचं सरकार ‘चार्टर ओक’ (सनदेचा ओक) नावाच्या एका ओकच्या झाडाखाली जन्माला आलं. राजाचा सरदार लोकांची राज्यघटना हिसकावायला आला, तेव्हा कुणीतरी मेणबत्त्या विझवल्या, घटना झाडाच्या ढोलीत लपवली, सरदार हात हलवत परत गेला आणि लोकशाही वाचली. झाड आजही उभं आहे. सोबत एका हिरव्यागार झाडाचा फोटो.

गोष्ट रंगतदार आहे, आणि तिच्यात थोडं खरंही आहे. म्हणूनच ती खपते.

‘लोकांची राज्यघटना’ इथपासूनच गडबड आहे. लपवलेला कागद म्हणजे इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने तेव्हाच्या कनेक्टिकट वसाहतीला १६६२ साली दिलेली सनद (चार्टर). (हाच तो चार्ल्स, ज्याला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न करताना मुंबई आंदण मिळाली आणि ज्याने ती १६६८ मध्ये वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.) कनेक्टिकटला दिलेली सनद मात्र भलतीच उदार होती: गव्हर्नर वसाहतीनेच निवडायचा. चार्ल्सनंतर गादीवर आलेला त्याचा भाऊ, दुसरा जेम्स, याला न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, साऱ्या वसाहती एका मुठीत हव्या होत्या. त्यासाठी त्याने एडमंड अँड्रॉसला पाठवलं; गोष्टीतला सरदार तो हाच. थोडक्यात, एका भावाने दिलेलं दुसरा परत मागत होता, आणि वसाहतवाले आपला हक्क राजाच्याच शिक्क्यावर सांगत होते.

सरदार हात हलवत परत गेला, हे तर साफ खोटं. ३१ ऑक्टोबर १६८७ रोजी अँड्रॉस कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला आला आणि त्याने कारभार ताब्यात घेतला. वसाहतीच्या दप्तरात तशी नोंद आहे. सचिव जॉन ॲलिनने तिच्याखाली ‘समाप्त’ असा शेराही मारून ठेवला. सनद हाती लागली नाही म्हणून अँड्रॉसचं काही अडलं नाही. त्याची सत्ता पुढे दीड वर्ष चालली आणि संपली ती बोस्टनमध्ये. इंग्लंडमध्ये जेम्सची गादी गेल्याची बातमी पोचली, एप्रिल १६८९ मध्ये बोस्टनकरांनी उठाव करून अँड्रॉसला कैदेत टाकलं, आणि मे महिन्यात कनेक्टिकटने आपला जुना कारभार पुन्हा सुरू केला.

इथे सनद कामी आली, हे मान्य करायला हवं. शेजारच्या मॅसॅच्युसेट्सची सनद १६८४ मध्येच कोर्टात रद्द झाली होती. कनेक्टिकटच्या सनदेविरुद्ध तसा निकाल लागलाच नव्हता, म्हणून तिच्याच आधाराने पुन्हा कारभार करता आला. पण कोर्टाचा निकाल लागला नाही, याचं श्रेय ढोलीला कसं द्यायचं?

आता मेणबत्त्या. त्या दिवसाच्या सरकारी नोंदीत ना मेणबत्त्या आहेत, ना झाड. बेंजामिन ट्रंबुलच्या इतिहासात हा सगळा प्रसंग साग्रसंगीत येतो, पण ते पुस्तक १७९७ चं, म्हणजे घटनेनंतर ११० वर्षांनी आलेलं. त्याहून भक्कम पुरावा १७१५ चा आहे. त्या वर्षी वसाहतीच्या विधानसभेने जोसेफ वॅड्सवर्थला २० शिलिंग दिले. कारण काय नोंदवलं? बिकट काळात सनदेची दुसरी प्रत त्याने सुरक्षित ठेवली आणि तोवर जपली. सनदेच्या प्रती दोन होत्या, हे फॉरवर्ड करणाऱ्यांच्या गावीही नसतं. या ठरावातही झाडाचं नाव नाही. वॅड्सवर्थने प्रत सांभाळली हे मी निःशंक मानतो. ढोलीला मी दंतकथेतच ठेवीन.

सरकार झाडाखाली स्थापन झालं, हा दावा तर तारखांपुढेच टिकत नाही. हार्टफर्ड, विंडसर आणि वेदर्सफील्ड या तीन गावांनी आपली मूलभूत नियमावली जानेवारी १६३९ मध्ये स्वीकारली. तिच्यात राजाचा उल्लेखसुद्धा नाही. ढोलीचा प्रसंग घडला असलाच, तरी तो त्यानंतर ४८ वर्षांनी. ‘कॉन्स्टिट्यूशन स्टेट’ हे राज्याचं बिरुद १९५९ मध्ये अधिकृत झालं, तेही या नियमावलीमुळे, ओकमुळे नाही.

राहिला फोटो. चार्टर ओक २१ ऑगस्ट १८५६ च्या वादळात कोसळला. शहरात घंटा वाजवल्या गेल्या आणि रिव्हॉल्व्हरवाल्या सॅम्युएल कोल्टच्या बँडने शोकगीत वाजवलं. त्या लाकडाची एक भव्य खुर्ची राज्याच्या सिनेटमध्ये आहे, आणि कोल्टने त्यातून मुलासाठी पाळणाही करून घेतला. पुढे चार्टर ओकच्या नावावर इतक्या वस्तू निघाल्या की मार्क ट्वेनने त्यांची यथेच्छ टर उडवली. १९९९ च्या २५ सेंटच्या नाण्यावरही हेच झाड आहे. सनदेची एक प्रत मात्र आजही शाबूत आहे, हार्टफर्डला राज्य ग्रंथालयाच्या संग्रहालयात.