एन म्हणजे नेक्स्ट

आर ही आकडेवारीच्या कामाची प्रोग्रामिंग भाषा रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी घडवली. स्वभावही संख्याशास्त्रज्ञाचाच उतरलाय. 'सगळं ठीक आहे' हे गृहीतक नाकारायला तिला भक्कम पुरावा लागतो. तोवर ती उत्तरं देत राहते.

आणि तक्रार केलीच, तर ती कळेल अशी करत नाही. तक्त्याचं नाव 'डीएफ' ठेवलं आणि तो तयार करणारी ओळ चालवायची राहिली, तर 'डीएफ सापडलं नाही' एवढं म्हटलं तरी भागलं असतं. पण डीएफ नावाचं फंक्शन आरमध्ये आधीपासूनच आहे, एफ-वितरणाची घनता काढणारं. आर इमानदारीत तेच उचलते, त्यातून 'वय' हा स्तंभ काढायला जाते आणि कळवते, 'ऑब्जेक्ट ऑफ टाइप क्लोजर इज नॉट सबसेटेबल', म्हणजे फंक्शनमधून स्तंभ निघत नाही. हे वाचून माणसाला वाटतं, आपल्याला काहीतरी झालंय.

मग ट्रेसबॅक. चूक कुठे झाली असं विचारावं, तर तो अख्खी वंशावळ म्हणून दाखवतो. वरच्या ओळींत कधी न ऐकलेली फंक्शनं, आणि आपण लिहिलेली बिचारी ओळ पार तळाशी. त्यात आर आळशी. (हा माझा आरोप नाही, शास्त्रीय भाषेतही 'लेझी' असंच म्हणतात.) फंक्शनला दिलेलं आर्ग्युमेंट, म्हणजे त्याला पुरवलेला माल, गरज पडेपर्यंत ती उघडूनही बघत नाही. त्यामुळे बिघडलेला माल आत शिरतो एकीकडे आणि बोंब होते भलतीकडेच.

पुढची पायरी ब्राउझर. (इंटरनेटचा नव्हे, आरमधला.) फंक्शनच्या मध्येच थांबा, आत काय चाललंय ते बघा. फार सुंदर सोय. 'एन' दाबलं की पुढची ओळ, 'सी' दाबलं की सुसाट. आता संख्याशास्त्रात नमुन्याच्या आकाराला जगभर काय म्हणतात? एन! नमुना केवढा आहे ते बघायला मी 'एन' टाइप करतो आणि आर माझ्या डोळ्यांदेखत पुढच्या ओळीवर निघून जाते. आकार बघायचा तर 'प्रिंट' म्हणून रीतसर विनंती करावी लागते. भाषा संख्याशास्त्रज्ञांनीच बनवली, हे पुन्हा एकदा नमूद करतो.

एवढं करूनही खरा गुन्हेगार सापडेलच असं नाही, कारण तो मुळात ओरडतच नाही. फॅक्टर घ्या, म्हणजे गटांची नावं ठेवायचा प्रकार; आत प्रत्येक गटाला नुसता अनुक्रमांक असतो. १०, २०, ३० हे आकडे फॅक्टर होऊन बसलेले असतील आणि त्यांचे पुन्हा आकडे करायला 'अॅज न्यूमरिक' लावलं, तर हाती १, २, ३ येतात. एरर नाही, वॉर्निंग नाही. सरासरीही देखणी निघते. फाइल वाचताना मजकुराचे स्तंभ आपणहून फॅक्टर करून टाकायची खोड आरने सोडली ती २०२० साली, ४.०.० आवृत्तीत.

वॉर्निंग येतात त्याही सगळं उरकल्यावर: पन्नास किंवा जास्त इशारे आहेत, पहिले पन्नास बघायचे तर मागा. म्हणून मी वैतागून 'वॉर्न' या सेटिंगची किंमत २ केली. आता प्रत्येक इशारा म्हणजे एरर. एररवर 'रिकव्हर'ही लावून ठेवलं. तेव्हापासून कुठल्यातरी परक्या पॅकेजची फुटकळ कुरबुर झाली तरी सगळं थांबतं आणि यादी समोर येते: कोणत्या फंक्शनच्या आत शिरायचं, क्रमांक सांगा, बाहेर पडायचं असेल तर शून्य.

बाकीचे क्रमांक कशासाठी असतात, ते एकदा सवडीने बघणार आहे.