चेकवरच्या चुकीनं गूगल, पाच वाजता ॲपल: या फॉरवर्डचं काय करायचं ओ?

'मोठमोठ्या कंपन्यांची नावं कशी पडली' हा फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. शाळेच्या बॅचचा ग्रुप, तालमीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, जिकडं बघावं तिकडं तोच, आणि खाली अंगठे, नमस्कार, 'लै भारी माहिती दादा'. इतकी वर्षं झाली तरी मजकूर तोच आहे, फक्त दर खेपेला कोणतरी दोन-चार भारतीय नावं त्यात घालतंय आणि शेवटी 'आपल्या मराठी मातीतनं असं एक तरी नाव निघालंय का?' असा टोमणा मारून सोडून देतंय. आमच्या पेठेतल्या ज्या काकांनी हा पाठवला त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही, माणूस देवासारखा आहे, पण फॉरवर्डमधल्या निम्म्या गोष्टी गंडलेल्या आहेत आणि खऱ्या गोष्टी त्याहून भारी आहेत म्हणून हे टाईप करत बसलोय.

पहिला दावा गूगलचा. म्हणे कंपनीचं नाव 'गूगॉल' ठरलं होतं, पण गुंतवणूकदारानं चेकवर चुकून 'गूगल' लिहिलं आणि पोरांनी तेच ठेवलं. आता तारखा बघा. गूगल डॉट कॉम हे डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, रजिस्टर झालं १५ सप्टेंबर १९९७ ला. सन मायक्रोसिस्टिम्स या कॉम्प्युटर कंपनीवाल्या अँडी बेख्टोल्शाइमनं १ लाख डॉलरचा चेक दिला ऑगस्ट १९९८ मध्ये. म्हणजे चेक फाडायच्या जवळजवळ वर्षभर आधी नाव ठरलेलं होतं, मग चेकवरच्या चुकीनं नाव पडलं कसं? स्पेलिंगची चूक झाली हे खरं आहे, पण ती स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. गूगल काढणारा लॅरी पेज आणि बाकीची पोरं नावं सुचवत बसलेली, शॉन अँडरसन म्हणाला 'गूगॉलप्लेक्स', लॅरी म्हणाला नुसतं 'गूगॉल' बरं, मग हे नाव मोकळं आहे का बघायला शॉननं टाईप करताना 'गूगल' केलं, ते मोकळं निघालं आणि लॅरीला तेच आवडलं. (गूगॉल म्हणजे एकावर शंभर शून्यं. हा शब्द एडवर्ड कॅसनर या गणितज्ञाच्या नऊ वर्षांच्या भाच्यानं काढला होता, म्हणजे सगळ्या भानगडीच्या मुळाशी एक शाळकरी पोरगं आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं तेच नाही.) त्याच्याही आधी त्या प्रोजेक्टचं नाव 'बॅकरब' होतं, म्हणजे पाठ चोळणं, ते राहिलं असतं तर आज आपण पत्ता 'बॅकरब करून' शोधला असता.

मग चेकची गोष्ट आली कुठनं? तर चेक 'गूगल इंक.' या नावानं लिहिला होता आणि त्या दिवशी त्या नावाची कंपनीच अस्तित्वात नव्हती. कंपनी नाही तर खातं नाही, खातं नाही तर चेक वटणार कसा, त्यामुळं तो तसाच पडून राहिला आणि ४ सप्टेंबर १९९८ ला कंपनी रजिस्टर झाली. म्हणजे चेकमुळं कंपनी कागदावर यायची घाई झाली, नाव नाही पडलं. दोन वेगवेगळ्या गोष्टी कोणीतरी एका वाक्यात कोंबल्या आणि ते वाक्य आता वीसेक वर्षं गावभर फिरतंय.

ॲपलचं बघू. फॉरवर्ड म्हणतोय की स्टीव्ह जॉब्सला नाव नोंदवायला तीन महिने उशीर झाला होता, मग त्यानं ऑफिसातल्या लोकांना दम दिला, संध्याकाळी पाचपर्यंत चांगलं नाव सुचवा नाहीतर मी ॲपल ठेवणार. अहो कुठलं ऑफिस आणि कुठले लोक! १ एप्रिल १९७६ ला भागीदारीच्या कागदावर सह्या केल्या त्या तीन माणसांनी, जॉब्स, वॉझ्नियॅक आणि रोनाल्ड वेन, आणि वेन तर बारा दिवसांत ८०० डॉलर घेऊन बाहेर पडला. दम द्यायला तिथं होतं कोण? खरं एवढंच की जॉब्स ओरेगॉनमधल्या सफरचंदाच्या बागेतनं परत आला होता, तेव्हा त्याचं फळांवर राहायचं खूळ चाललेलं, विमानतळावरनं येताना गाडीत वॉझ्नियॅकबरोबर नावांची चर्चा झाली, 'मॅट्रिक्स', 'एक्झेक्युटेक' असली रुक्ष नावं निघाली, आणि दुसऱ्या दिवशी कागद भरायचे होते म्हणून तोवर दुसरं बरं काही सुचलं नाही तर ॲपल असं ठरलं. म्हणजे मुदतीचा भाग थोडा खरा आहे, दम आणि तीन महिने हा मसाला. आणि एक हिशोबी कारण होतं जे फॉरवर्डमध्ये कधीच नसतंय, फोनच्या डिरेक्टरीत ॲपल हे अटारी या व्हिडिओ गेमच्या कंपनीच्या आधी येतंय, आणि जॉब्स आधी अटारीतच कामाला होता.

त्यालाच चिकटून दुसरं शेपूट, लोगोतलं खाल्लेलं सफरचंद म्हणजे कॉम्प्युटरचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाला श्रद्धांजली, कारण १९५४ मध्ये तो गेला तेव्हा शेजारी अर्धवट खाल्लेलं सफरचंद सापडलं होतं. वाचायला एकदम डोळ्यात पाणी आणणारं. पण १९७७ मध्ये ज्यानं तो लोगो काढला तो रॉब जॅनॉफ स्वतः सांगतोय की ट्युरिंग माझ्या डोक्यात नव्हता, घास एवढ्याचसाठी दाखवला की लहान आकारात ते चेरीसारखं दिसू नये. त्याच्या आधीच्या लोगोत झाडाखाली बसलेला न्यूटन होता, तो वेननं काढलेला. तेव्हा श्रद्धांजली असलीच तर न्यूटनला होती, आणि ती वर्षभरातच काढून टाकली!

इंटेल, कॉम्प्युटरच्या चिप करणारी कंपनी. 'संस्थापक मूर आणि नॉइस, त्यांना मूर नॉइस नाव पाहिजे होतं पण ते एका हॉटेल कंपनीनं आधीच घेतलेलं.' आता मला सांगा, हॉटेलला 'मूर नॉइस' नाव कोण देईल? इंग्लिशमध्ये ते 'जास्त आवाज' असं ऐकू येतंय, लॉजवर असली पाटी बघून कोण मुक्काम करणार! आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये नॉइस म्हणजे नको असलेला कचरा सिग्नल, म्हणून त्यांनी स्वतःच ते सोडलं, जुलै १९६८ मध्ये 'एनएम इलेक्ट्रॉनिक्स' म्हणून सुरुवात केली आणि मग इंटिग्रेटेड इलेक्ट्रॉनिक्सवरनं इंटेल घेतलं. या नावाशी मिळतंजुळतं 'इंटेल्को' आधीच होतं, त्यांना १५ हजार डॉलर मोजून हक्क घेतले. म्हणजे नाव दुसऱ्याकडं होतं हे खरं, पण कुठलं नाव हेच फॉरवर्डवाल्यानं उलटं केलंय.

आदिदास म्हणजे 'ऑल डे आय ड्रीम अबाउट स्पोर्ट्स', हे तर पोरं कॉलेजात छातीठोकपणे सांगतात. जर्मनीतल्या हेर्झोगेनाउराख नावाच्या छोट्या गावातला चांभारकाम शिकलेला माणूस १९४९ मध्ये आपल्या बुटांना नाव देताना इंग्लिश वाक्य कशाला जुळवत बसेल? त्याचं नाव आडॉल्फ डासलर, घरात हाक मारायचे आडी, आडी अधिक डास, संपला विषय. खरी भानगड त्याच्या भावाची आहे. आडी आणि रुडॉल्फ या दोघांचा एकत्र कारखाना होता, कशावरनं तरी इतकं बिनसलं की १९४८ मध्ये वाटण्या झाल्या, रुडॉल्फनं आधी स्वतःच्या नावावरनं 'रुडा' ठेवलं आणि मग त्याचं 'पुमा' केलं. एकाच गावात नदीच्या दोन बाजूंना दोन कारखाने, आणि लोक समोरच्याशी बोलायच्या आधी खाली वाकून पायात कुठला बूट आहे ते बघायचे. गावात फुटबॉलच्या टीम पण दोन, एक आदिदासकडची एक पुमाकडची. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल मॅचला जो बसलाय त्याला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही.

कोडॅक म्हणजे कॅमेऱ्याच्या खटक्याचा आवाज, हे पण नाही. जॉर्ज ईस्टमनला 'के' हे अक्षर आवडायचं, सुरुवातीला के शेवटी के घेऊन मधली अक्षरं जुळवत बसला आणि १८८८ मध्ये ते नोंदवलं. बीएमडब्ल्यूच्या लोगोत विमानाचा पंखा नाही, बव्हेरिया या जर्मन राज्याचा निळा-पांढरा रंग आहे, पंखा आला १९२९ च्या एका जाहिरातीत. आणि बाटा भारतीय नाही ओ, युरोपातल्या चेक देशातल्या माणसाचं आडनाव आहे, तोमाश बाट्या, झ्लिन गाव, १८९४.

आता अमूल, कारण इथं आपल्याला जवळचं आहे. फॉरवर्ड म्हणतोय अमूल म्हणजे 'आनंद मिल्क युनियन लिमिटेड' या नावाची आद्याक्षरं. ऐकायला इतकं चपखल की शाळेच्या क्विझमध्ये पण हेच उत्तर बरोबर धरतात. पण १४ डिसेंबर १९४६ ला जो संघ नोंदवला त्याचं नाव 'खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ'. त्यात आनंद कुठाय? आनंद हे गाव, संघ जिल्ह्याचा. अमूल हे नाव त्यानंतर काही वर्षांनी मालाचा ब्रँड म्हणून आलं, 'अमूल्य' वरनं, आणि आनंदमधल्याच एका क्वालिटी कंट्रोलच्या माणसानं ते सुचवलं असं अमूलवालेच सांगतात. आद्याक्षरं जुळतात हा योग. तुम्हाला पटत नसेल तर सकाळी दारात आलेली गोकुळची पिशवी कात्री लावायच्या आधी जरा उलटी करून वाचा. पुढं मोठ्या अक्षरात गोकुळ, आणि बारीक अक्षरात 'कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ'. सहकारात हे असंच असतंय, संघाचं नाव वेगळं आणि पिशवीवरचं वेगळं. गोकुळची आद्याक्षरं फोडून त्यातनं इंग्लिश वाक्य काढायचा उद्योग आजवर कोणी केला नाही हे नशीब.

सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही. हॉटमेल या ईमेलच्या नावात एचटीएमएलची (वेबपेज लिहायच्या भाषेची) अक्षरं लपवलीत ते खरं, निरमा करसनभाई पटेलांच्या मुलीच्या, निरुपमाच्या नावावरनं तेही खरं, सिस्को सॅन फ्रॅन्सिस्कोतनं तोडलेलं, अडोबी एका ओढ्याचं नाव, पार्ले विलेपार्ल्यावरनं. ह्या ओळी खुशाल फॉरवर्ड करा.

राहिला तो शेवटचा टोमणा, मराठी मातीतनं एक तरी नाव? विप्रो म्हणजे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, १९४५ मध्ये जळगाव जिल्ह्यात अमळनेरला वनस्पती तूप करायला निघालेली कंपनी, कॉम्प्युटर नंतर आले. कॅम्लिन दांडेकरांनी काढलेली, कॅमल आणि इंक जोडून केलेलं नाव, आपल्या सगळ्यांच्या कंपासपेटीत होतं. विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. आणि किर्लोस्करांचं तर उलटंच झालं, तिथं गावावरनं कंपनीला नाव पडलं नाही, कंपनीवरनं गावाला पडलं. कोल्हापूरहून रेल्वेनं पुण्याला जाताना किर्लोस्करवाडी लागते ती पाटी बघून पण लोक ग्रुपवर विचारतात की मराठी नाव कुठाय.

आणि कोल्हापुरी. काकांच्या फॉरवर्डला खाली एकानं जोडलंय, 'कोल्हापुरी नाव कोणी रजिस्टर केलं नाही म्हणूनच प्रादानं (इटलीची फॅशन कंपनी) चोरलं'. तर केलंय की! २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांचा मिळून. प्रादानं जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये चपला दाखवल्या तेव्हा कोल्हापुरी हे नाव घेतलंच नव्हतं, नुसतं लेदर सँडल म्हटलं, आणि बोंब त्याच्याचवरनं झाली. नाव चोरलं असतं तर इथं कायद्यात बोट ठेवायला जागा होती, पण जीआय सांभाळतोय नाव, आणि ते इथल्या कायद्यात, मिलानमध्ये त्याचा काय उपयोग? शेवटी ओरडा झाल्यावर कंपनीनं महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला पत्र लिहून मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलेची होती. बाकी प्रादा हे तरी काय, मारिओ प्रादा नावाच्या माणसाचं आडनाव, १९१३ मध्ये मिलानला चामड्याच्या वस्तूंचं दुकान टाकलं त्याचं. त्यांच्या दुकानावर मालकाचं आडनाव लागलं आणि आपल्या चपलेवर गावाचं.