वडिलांच्या टीएसएच रिपोर्टबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. ८१ वर्षांच्या वडिलांचा टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला काम करायला सांगणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की हे वाढतं) आमच्याकडे ६.८ आला, पुढे ठळक एच म्हणजे 'हाय', घरात रात्रभर कोणाला झोप नाही आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले थायरॉइडची गोळी नको, तीन महिन्यांनी परत बघू. आदल्या आठवड्यात दुसऱ्या लॅबला दुपारी चारला दिलेल्या रक्तात ५.१ होता, म्हणून आमचा रिपोर्ट खोटा, आम्ही घाबरवून पैसे काढतो असं तुम्ही लिहिलंय. आकडे तुम्हीच इथे टाकलेत म्हणून तेवढ्यावरच बोलतो, रिपोर्टमधलं बाकी काही मी इथे लिहिणार नाही.

आधी आमची चूक. रिपोर्टवर ०.४ ते ४.० ही एकच रेंज छापलेली होती, त्याच्या वर गेलं की सॉफ्टवेअर आपोआप एच लावतं, पेशंट तिशीतला आहे की ऐंशीतला ते बघत नाही. खरं तर वय वाढतं तसा धडधाकट माणसाचाही टीएसएच थोडा वर सरकतो, अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत थायरॉइडचा आजार नसलेल्या ऐंशीच्या पुढच्या लोकांची वरची मर्यादा साधारण ७.५ निघाली होती. मला हे माहीत होतं आणि तरी रिपोर्टवर त्याची एक ओळसुद्धा नव्हती. वर काउंटरवरच्या मुलीने तुम्हाला 'थायरॉइड निघालाय' असं सांगून टाकलं, ते सांगणं तिचं काम नाही आणि तिला हे नीट शिकवलं नाही हा दोष माझाच. तुमची ती रात्र आमच्यामुळे गेली, मनापासून माफी मागतो.

पण आकडा खोटा होता हे नाही मान्य करू शकत. टीएसएच रात्री चढतो, पहाटे जास्त असतो आणि दुपारी उतरतो. आमचं सॅम्पल सकाळी सातचं, तिकडचं दुपारचं, शिवाय मशीन आणि किट वेगळं, त्यामुळे एकाच माणसाचे ५.१ आणि ६.८ दोन्ही बरोबर असू शकतात.

डॉक्टर थांबले ते मला पटतं. २०१७ साली युरोपातल्या एका ट्रायलचा निकाल आला, ६५ च्या वरचे ७३७ लोक, टीएसएच थोडा वाढलेला पण टी फोर (थायरॉइड ग्रंथी स्वतः बनवते ते हार्मोन) नॉर्मल, त्यांना गोळी देऊनही थकव्यात काही फरक पडला नाही. आणि या वयात डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात.

मात्र हे वाचून कोणी ६.८ म्हणजे काहीच नाही असं धरू नका, प्लीज. गरोदर बाईचा ६.८ आला तर तीन महिने थांबून चालत नाही. बाळांचं तर अजून वेगळं, जन्मल्यावर अर्ध्या तासात टीएसएच ६०-८० पर्यंत उसळतो आणि मग काही दिवसांत उतरतो, म्हणून टाचेतलं रक्त शक्यतो ४८ तासांनंतर घेतात. पण तीन आठवड्यांच्या बाळाचा ६.८ आला तर मी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना फोन करतो, कारण थायरॉइड कमी पडला तर बाळाच्या मेंदूची वाढ अडते आणि तो वेळ परत मिळत नाही. 'थोडाच तर वाढलाय' म्हणून रिपोर्ट पिशवीत ठेवून दिलेले आईबाप मी बघितलेत, त्यांना मोठ्यांच्याच रेंजने फसवलेलं असतं.

या सोमवारपासून आमच्या रिपोर्टवर वयाप्रमाणे आणि गरोदरपणाच्या महिन्यांप्रमाणे रेंज येते. काउंटरवर आता फक्त 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच सांगतात.

वडिलांची पुढची टेस्ट आमच्याकडून, पैसे नाही घेणार. सकाळी सातलाच या, टी फोर पण करू. केसांसाठी वगैरे बायोटिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून दोन दिवस आधी बंद ठेवा, त्याने आकडा चुकतो. आणि मधेच खूप सुस्ती आली, थंडी सोसेना, बद्धकोष्ठता वाढली तर तीन महिने वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.